मैदानावर आई म्हणायचं नाही

डीमन या डच गावातलं ते तिसऱ्या मजल्यावरचं घर मला आजही आधी ऐकू येतं आणि मग दिसतं. वळणावर ट्रामचं चाक रुळाला घासलं की एक लांब किंचाळी उठायची, आणि ती विरायच्या आत बाबांचा मीटिंगमधला आवाज सुरू व्हायचा. एरवी स्लोटरडाइकच्या ऑफिसात जाणारे बाबा त्या कोरोनाच्या दिवसांत जेवणाच्या टेबलावरून नोकरी करत होते. वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली पायजमा. ऐन मीटिंगमध्ये कुकरची शिट्टी झाली की ते कॅमेऱ्याच्या खालून डावा हात हलवून आईला गॅस बंद करायची खूण करत, आणि आई शांतपणे अजून दोन शिट्ट्या होऊ द्यायची. "डाळ कच्ची राहिली तर तुमचे क्लायंट येणारेत का शिजवायला?" असं ती मीटिंग संपल्यावर विचारायची. माझी शाळा माझ्या खोलीत, लॅपटॉपवर भरत होती. मी चौदा-पंधरा वर्षांची, तोंड कायम वाकडं. सहा वर्षांची असताना तिकडे गेले होते, त्यामुळे मराठी सगळं कळायचं, पण उत्तर तोंडातून निघायचं ते इंग्रजीत किंवा डचमध्ये. आई मराठीत विचारायची, मी इंग्रजीत उडवून लावायचे, असा आमचा संवाद. एकच शब्द माझ्या तोंडी कायम मराठी राहिला होता, तो म्हणजे आई.

टेबल बाबांचं झालं, खोली माझी झाली, आणि आईला काय उरलं याचा विचार आम्हा दोघांपैकी कोणीही केला नाही. कराडला बँकेत लागलेली नोकरी सोडून ती नवऱ्याच्या कागदांवर तिकडे आली होती. नगरपालिकेच्या फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात तिला एक आडवी रेघ मारताना मी पाहिलं आहे. फार नीट, पट्टीने आखल्यासारखी रेघ. आमच्या इमारतीच्या तळाशी प्रत्येक घराला सायकली ठेवायची एक अरुंद खोली होती. दुपारची भांडी आवरली की आई किल्ली घेऊन खाली जायची, आणि थोड्या वेळाने जिन्यातून धप् असा आवाज वर यायचा. मग शांतता. मग पुन्हा धप्. ती शांतता दर वेळी वेगळ्या लांबीची असायची, कारण ज्या चेंडूचा तो आवाज होता तो गोल नव्हता.

तो चेंडू आमच्या आयुष्यात आला पहिल्या उन्हाळ्यात. घराबाहेर पडायला परवानगी होती, तेव्हा आई रोज संध्याकाळी बागेत चालायला जायची आणि मला बळेच सोबत न्यायची. तिथे गवतावर दहा-बारा बायका लाल चामड्याच्या एका लांबट चेंडूमागे धावत होत्या. आम्ही वाटेवरून जात असताना तो चेंडू उसळून पाण्याच्या चराकडे निघाला. आईने हातातली पिशवी टाकली आणि पंजाबी ड्रेसवर, पायात चप्पल असताना, आडवा सूर मारला. चेंडू तिच्या छातीशी होता आणि तिची वेणी पाण्यात. मला तिथल्या तिथे गुप्त व्हावंसं वाटलं. त्या बायका मात्र टाळ्या वाजवत आल्या. त्यांची कप्तान टेस नावाची एक दणकट ऑस्ट्रेलियन मुलगी होती. तिच्या देशाने सीमा बंद केल्यामुळे तिला घरी परतता येत नव्हतं. "तू कुठे खेळतेस?" तिने विचारलं. आईने दोन्ही हातांनी वेणी पिळली आणि म्हणाली, "खो-खो. कराड. ट्वेन्टी इयर्स बॅक."

असा माझ्या आईचा ऑस्ट्रेलियन फुटबॉल सुरू झाला. निम्म्या खेळाडू मायदेशी निघून गेल्याने टेसला कोणीही चालणार होतं; एक आयरिश नर्स, एक पोस्टात काम करणारी डच बाई, वाखनिंगनहून गाडीने येणारी एक बियाण्यांवर संशोधन करणारी मुलगी, आणि आता एक्केचाळीस वर्षांची स्वाती, जिला सगळ्याजणी स्वाटी म्हणत. हिवाळ्यात नियम कडक झाले तेव्हा दोघी-दोघींनी, दीड मीटर अंतर ठेवून सराव चाले. आईला लांब लाथ मारता यायची नाही. पण चेंडू कुठे पडणार हे तिला इतरांच्या आधी कळायचं, आणि मग ती तिथे असायची. "हा चेंडू म्हणजे माझा सासरा," ती म्हणायची, "कुठल्या शब्दावर कुठे उसळेल, सांगता येत नाही. मला सवय आहे." बाबा टेबलावरून ओरडायचे, "मी म्यूटवर नाहीये!"

दसऱ्याला बाबांचा लॅपटॉप आणि माझी वह्या-पुस्तकं देवापुढे मांडली, तेव्हा आईने तो चेंडूही आणून ठेवला. हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. झेंडू तिकडे कुंडीतच मिळायचा आणि तिला फुलं खुडवेनात, म्हणून अख्खी कुंडीच चेंडूला टेकवून ठेवली. दुसऱ्या दिवशी टेसने चेंडूवरचा गडद लाल डाग पाहून कोणाला लागलं म्हणून घाबरून विचारलं, आणि खरं कळल्यावर तो डाग कोणालाही पुसू दिला नाही. सामन्याच्या दिवशी आई डिंकाचे लाडू न्यायची, कोरोनामुळे प्रत्येकीचा लाडू वेगळ्या कागदात गुंडाळून, वर नाव लिहून. त्या कागदांवर ती नावं मराठीत लिहायची. कुठला लाडू कुणाचा हे त्यांना ओळखता यायचं नाही, मग आई एकेकीला हाक मारून वाटायची. प्रत्येकीला स्वतः हाक मारता यावी म्हणून केलेला हा तिचा डावच मला वाटायचा.

मी सामने बघायला जाऊ लागले ते बाबांनी ओढून नेलं म्हणून. डोक्यावर हुडी, कानात गाणी. पण दुसऱ्या-तिसऱ्या सामन्याला मी कानातलं काढून ठेवलं. जी बाई मला घरात रोज दिसायची, पोळीला तूप लावणारी, माझा चार्जर शोधणारी, ती मैदानावर सापडत नसे. तिथे एक वेगळीच बाई होती. ती दात ओठांवर घट्ट दाबून पळायची, दुप्पट उंचीच्या पोरींना हुलकावणी द्यायची, आणि पडली तर उठताना कोणाकडे पाहायची नाही. मला ती बाई फार आवडायला लागली होती. हे तिला सांगायचं राहून गेलं, आणि त्या वयात सांगितलं असतं तर इंग्रजीतून सांगितलं असतं.

तिची एकच अट होती. थालीपीठ थापत होती ती तेव्हा, बोटाने मधोमध भोकं पाडत. "सामन्याला यायचं तर या," ती म्हणाली, "ओरडा, नाचा, काय हवं ते करा. पण मैदानावर मला आई म्हणायचं नाही."

"देन व्हॉट?" मी विचारलं.

"स्वाती म्हण. नाहीतर स्वाटी म्हण त्यांच्यासारखं."

बाबा हसले. आई हसली नाही. थालीपीठ तव्यावर टाकून तिने कडेने तेल सोडलं आणि एखाद्या शेजारणीची हकिकत सांगावी तशी सांगू लागली. खो-खोत पाठलाग करणाऱ्या मुलीने एकदा दिशा घेतली की मागे वळायचं नसतं. नुसता खांदा वळला तरी फाऊल. आईचा खांदा कधी वळला नाही, अशी तिची जिल्ह्यात ख्याती होती. ती एकोणीस वर्षांची असताना अंतिम सामन्याच्या दिवशी माझा थोरला मामा मैदानाच्या कडेला येऊन उभा राहिला आणि त्याने हाक मारली, "तुला बघायला पाहुणे आलेत, घरी चल." आईचा खांदा वळला. पंचांनी शिट्टी मारली. ती तशीच, धुळीच्या पायांनी, मामाच्या सायकलवर मागे बसून घरी गेली. पोहे दिले, नमस्कार केले. ते स्थळ पुढे जमलं नाहीच. सामना तिच्याशिवाय संपला आणि राज्याच्या निवडीसाठी बस गेली त्यात ती नव्हती. "घरच्या कोणी हाक मारली की माझा पाय थांबतो," आई म्हणाली. "सवयच आहे ती. म्हणून नको." मग तिने थालीपीठ उलटलं.

आज मी साठीकडे झुकले आहे, घरात मलाही दोन-तीन माणसं हाक मारणारी आहेत, आणि ती सवय म्हणजे काय हे मला चांगलं ठाऊक आहे. तेव्हा मी फक्त खांदे उडवले होते. आईला नावाने हाक मारणं मला जमलं नाही. टेसला जमायचं, आमच्या शेजारणीला, योकेला, जमायचं, मला नाही. इतकी वर्षं डच मुलांमध्ये वाढले, शिक्षकांना नावाने हाका मारल्या, पण स्वाती म्हणायला गेलं की घशाशी आई हाच शब्द येऊन अडकायचा. मग मी गप्पच उभी राहायचे. सगळे सामने मी मुठी आवळून, तोंड मिटून पाहिले.

योके म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरची आजी. सत्तरी उलटलेली, एकटी, आणि आवाज असा की ट्रामने बाजूला व्हावं. टाळेबंदीत आई तिच्या दाराशी वाटीभर आमटी ठेवायची आणि ती आमच्या दाराशी सफरचंदाचा केक. त्यातून आईचं डच सुधारलं आणि योके फुटबॉलला यायला लागली. बाबा तिला नियम समजावून सांगायचे, निम्मे चुकीचे. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेने मारलेला चेंडू सरळ गेला तर सहा गुण, शेजारच्या फटीतून गेला तर एक. मधून जातानाही वाटेत कोणाचं बोट जरी लागलं तर सहाचा एकच होतो. आणि हवेतून आलेला चेंडू कोणी अलगद झेलला तर तिला निवांत उभं राहून मारायला मिळतं, वेळ संपली तरी. हे नियम मी इथे एवढ्यासाठी लिहिते आहे की गेली चाळीस-बेचाळीस वर्षं मी ते रोज कधी ना कधी मनात म्हणते.

आमचा संघ हरायचा. सगळे सामने हरला. पंधरा गुणांनी, तीस गुणांनी, एकदा तर मोजायचं सोडून दिलं. आईला त्याचं काही वाटत नसे. घरी येऊन गरम पाण्यात पाय सोडून बसायची आणि कोणाची काय चूक झाली ते खुशीत सांगायची. पण दुसऱ्या वर्षीच्या शरद ऋतूत बाबांच्या कंपनीने त्यांचं कंत्राट पुढे न वाढवण्याचं कळवलं. महिनाभर बाबा रोज अर्ज करत होते, आई रोज त्यांच्या शेजारी चहा ठेवत होती, आणि शेवटी एका जेवणाच्या वेळी ठरलं की नाताळाच्या आत पुण्याला परत जायचं. मी रडले, दार आपटलं. दुसऱ्या दिवशी खालच्या खोलीतला धप् धप् आवाज दुप्पट वेळ चालला. मी खाली गेले तर ती घामाने भिजलेली. "एक सामना राहिलाय," ती म्हणाली. "रेवा, एकदा तरी जिंकून जायचंय गं मला. एकच. मग मी कुठेही यायला तयार आहे." तिने माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितल्यासारखं बोलण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि ते देणं माझ्या हातात नव्हतं असं मला वाटलं.

सामन्याच्या त्या आठवड्यात पुन्हा नियम आले. खेळा, पण प्रेक्षक नकोत. शनिवारी सकाळी आम्ही मैदानावर गेलो तर फाटकाला साखळी. मग आम्ही मैदानाला वळसा घालून पलीकडच्या सायकलच्या रस्त्यावर गेलो. मैदान आणि रस्ता यांच्या मध्ये एक पाण्याचा चर होता, दोन-अडीच मीटर रुंद, वर हिरवं शेवाळ साचलेलं. योकेने घडीची खुर्ची उघडली आणि मैदानाच्या त्या टोकाच्या खांबांच्या अगदी मागे मांडली. नगरपालिकेचा एक माणूस सायकलवरून आला आणि इथे प्रेक्षकांना उभं राहता येणार नाही म्हणाला. "प्रेक्षक?" योके म्हणाली. "मी म्हातारी बाई आहे, दम खातेय. हे सद्गृहस्थ मला घरी न्यायला आलेत. ही मुलगी बदकं बघतेय." तो माणूस बदकांकडे बघून निघून गेला. आभाळ भरून आलं होतं, वारा बोचरा, आणि बाबांनी थर्मासमधून आणलेला आल्याचा चहा झाकणात ओतेपर्यंत गार व्हायचा.

त्या दिवशी काय झालं कोण जाणे, आमच्या बायका खेळल्या. पांढऱ्या कपड्यांतला समोरचा संघ दुसऱ्या शहरातून आला होता आणि हसत आला होता. पहिल्या पाव भागानंतर त्यांचं हसणं थांबलं. पोस्टातल्या बाईने कधी नव्हे ते दोन गोल मारले. नर्सच्या नाकातून रक्त आलं, तिने बोळा घातला आणि परत आली. आई तर जिथे चेंडू तिथे. एकदा ती आमच्या बाजूला आली, चरापासून चार पावलांवर. चेहरा चिखलाने माखलेला, श्वास फुललेला. तिने आम्हाला पाहिलंही नाही. बाबा "स्वाती! स्वाती!" करत उड्या मारत होते, त्यांच्या हातातला चहा माझ्या बुटांवर सांडत होता, आणि योके डचमध्ये पंचांच्या आईवडिलांविषयी काहीतरी बोलत होती. मी नेहमीसारखी मुठी आवळून उभी होते.

शेवटचं मिनिट लागलं तेव्हा आम्ही दोन गुणांनी मागे होतो. चेंडू लांब, मैदानाच्या मध्यावर, टेसच्या हातात आला. तिने वर पाहिलं आणि जीव खाऊन लाथ मारली. इतकी उंच आणि इतकी सरळ लाथ मी तिला कधी मारताना पाहिली नव्हती. चेंडू आमच्या दिशेने येत होता, आम्ही ज्यांच्या मागे उभे होतो त्याच दोन उंच खांबांच्या दिशेने. आणि त्याच्याखाली, आमच्याकडे तोंड करून, हात वर करून आई धावत येत होती. तिचे डोळे चेंडूवर होते. तिने झेलला असता तर खांबांसमोर उभं राहून तिने तो सावकाश मारला असता, तेवढं तिला येत होतं. तिने हातच लावला नसता तर तो आपसूक मधून गेला असता. दोन्हींतलं काहीही झालं असतं तरी आम्ही जिंकलो असतो.

तेवढ्यात मला ती उंच मुलगी दिसली. पांढऱ्या कपड्यांतली, आईच्या दीडपट, डावीकडून भरधाव येणारी. आईला ती दिसत नव्हती. मला दिसलं की ही आता आईवर आदळणार, आई पडणार, आईची मान. एवढंच दिसलं. माझ्या घशात इतके दिवस अडकलेला शब्द सुटला.

"आई!"

इतक्या मोठ्याने मी जन्मात कधी ओरडले नव्हते. आणि आईचा खांदा वळला. चेंडू तिच्या बोटांच्या टोकांना लागला, फक्त लागला, आणि तिच्या डोक्यावरून त्या दोन खांबांच्या मधून येऊन आमच्या चरात पडला. बदकं उडाली. ती उंच मुलगी तीन पावलं अलीकडेच चिखलात घसरून बसली होती. ती आईपर्यंत पोचलीच नसती.

पंचाने एक बोट वर केलं. एक गुण. मग भोंगा वाजला.

पांढऱ्या कपड्यांतल्या मुली एकमेकींच्या अंगावर उड्या मारत होत्या, आमच्या मुली होत्या तिथे गवतात बसल्या होत्या. आई बसली नाही. ती धावत चराच्या काठावर आली, पाण्यात एक पाय गेला तिचा. चेहरा पांढराफटक पडलेला. "काय झालं?" ती ओरडली. "रेवा, काय झालं? लागलं का तुला? पडलीस का?"

तिला वाटलं होतं मला काहीतरी झालं. ज्या पोरीने इतक्या सामन्यांत एकदाही हाक मारली नाही ती इतक्या जोरात आई म्हणाली, म्हणजे नक्कीच काहीतरी झालं असणार. "काही नाही," मी म्हणाले. मराठीत म्हणाले. "काही नाही झालं." आईने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, माझे दोन्ही हात, दोन्ही पाय. मग हळूच मागे खांबांकडे पाहिलं. तेव्हा तिला कळलं. तिच्या तोंडावर जे आलं ते मी पाहिलं आणि पाण्यात तरंगणाऱ्या त्या लाल चेंडूकडे बघायला लागले.

टेस मागून आली, तिच्या पाठीवर हात ठेवून हळू आवाजात तिने विचारलं, काय झालं स्वाटी? आई म्हणाली, "सन. सन इन माय आइज." सगळ्यांनी वर पाहिलं. आभाळ राखाडी, ठार बंद. आयरिश नर्सने नाकातला बोळा काढला, आईला मिठी मारली आणि म्हणाली, हो, फारच ऊन होतं. मग त्या नऊ-दहा बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. आई रडली नाही. तिने पिशवीतून लाडू काढले आणि एकेकीला हाक मारून वाटले.

दुपारी योकेने तिच्या घरी वाटाण्याचं दाट सूप केलं होतं, चमचा उभा राहील असं. बाबा आणि ती सामना पुन्हा पहिल्यापासून खेळले. दुसऱ्या पाव भागात जी लाथ खांबाला लागली ती आत गेली असती तर. पंचाला ढकललेलं दिसलं असतं तर. वाऱ्याचा विषय बाबांनी तीनदा काढला. वारा किती होता, वाऱ्याने चेंडू असा आत ओढला, वाऱ्यापुढे कोणाचं चालतं. बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या शेजारी खेटून उभ्या असलेल्या माणसाला माझी हाक ऐकू आली नाही असं होणार नाही. योके तर थोडी बहिरी होती, पण तिनेही बोलता बोलता माझ्या ताटलीत केकचा मोठा तुकडा ठेवला. आई सूप प्यायली. "मीठ छान पडलंय," ती म्हणाली. मी वाट बघत होते की कोणीतरी मला रागावेल. रागावलं असतं तर मी ओरडले असते, मी तुला वाचवत होते म्हणाले असते, रडले असते, आणि कदाचित तिथेच ते संपलं असतं. कोणी रागावलं नाही. संध्याकाळी आई न्हाणीघरात बादलीत जर्सी चोळत होती. मी दाराशी जाऊन उभी राहिले. तिने मान वर केली, म्हणाली, "डाग जाईल गं," आणि परत चोळायला लागली.

त्यानंतर खालच्या खोलीतून आवाज आला नाही. निघायच्या आधी टेसने तोच चेंडू, सगळ्यांच्या सह्या घेऊन, आईला दिला. कुंकवाचा डाग होता त्याच्याभोवती गोल करून तिने स्वतःची सही केली होती. बॅगेत मावेना म्हणून बाबांनी त्यातली हवा काढली. पुण्यात आल्यावर हवा भरायला नीट सुई मिळेना, मग कोणी शोधलीही नाही. तो चपटा चेंडू आधी कपाटात आणि मग कपाटावर गेला. मी मराठी बोलायला शिकले, लिहायलाही शिकले, नोकरी केली, संसार केला. बाबा गेले. त्या सामन्याबद्दल आईने आणि मी एकमेकींशी कधी एक शब्द काढला नाही. दर वर्षी मी ठरवायचे, दर वर्षी तिच्या हातात काहीतरी काम असायचं.

आता तिच्या हातात काम नाही. सकाळी ती गॅलरीत, पाठ दाराकडे करून, खुर्चीत बसते. मी चहा घेऊन जाते आणि मागून म्हणते, आई. ती वळत नाही. पुन्हा म्हणते. कधी मोठ्याने म्हणते. कान शाबूत आहेत तिचे, डॉक्टरांनी तपासलंय. खाली भाजीवाला ओरडला की ती वाकून बघते. तो शब्द तिचा आहे हेच तिच्या लक्षात राहिलेलं नाही. मी समोर जाऊन बसते तेव्हा ती मला एखाद्या चांगल्या ओळखीच्या बाईसारखी हसते आणि विचारते, घरी सगळे बरे आहेत ना.

मागच्या महिन्यात मी तिला तो सामना सांगितला. दुसऱ्या कोणाचा तरी असावा तसा. स्वाती नावाची एक बाई होती, परदेशात गेलेली, चाळिशी उलटलेली. एकदा तरी जिंकायचं होतं तिला. आई चहा बशीत ओतून ऐकत होती. चिखल सांगितला, योकेची खुर्ची सांगितली, बदकं सांगितली तेव्हा ती हसली. शेवटचं मिनिट आलं. चेंडू वर गेला. आईने बशी खाली ठेवली आणि तिचे दोन्ही हात मांडीवरून थोडे वर उचलले गेले.

"मग?" ती म्हणाली. "घेतला का झेल?"

मी तिच्या बोटांकडे पाहिलं. "घेतला," मी म्हणाले.

"आणि जिंकल्या?"

"जिंकल्या."

तिने लहान मुलीसारखी टाळी वाजवली. मग जरा वेळ विचार केला. "तिची मुलगी होती म्हणालीस ना पलीकडे उभी. ती काय करत होती?"

"काही नाही," मी म्हणाले. "गप्प उभी होती."

"शहाणी आहे गं पोर," आई म्हणाली, आणि तिने बशी पुन्हा उचलली.